वेगळा कप

आजारी माणसाला भेटायला जाताना आपल्याकडं लोक अक्कल घरी ठेवतात आणि शहाळी घेऊन निघतात. वाक्य कडू वाटेल, पण गेल्या वर्षभरात माझ्या वडिलांच्या दारात आलेली शहाळी मी स्वतः उचलून शेजारीपाजारी वाटली आहेत. तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे.

वडिलांना मी आप्पा म्हणते. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या रुळांवर गेली. गँगमन होते. उन्हातान्हात खडी सारली, रुळांखालचे स्लीपर उचलले आणि निवृत्त झाल्यावर दौंडलाच दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. आई जाऊन काही वर्षं झाली. मी एकुलती. शिरूरजवळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. सुटीच्या दिवशी शिरूरहून चौफुल्यापर्यंत एक गाडी आणि तिथून दौंडला दुसरी, असा माझा फेरा ठरलेला. "शिरूरला चला माझ्याकडं" म्हटलं की आप्पा म्हणतात, "तिथं गाडीचा आवाज कुठं येतोय? मला झोप लागायची न्हाई."

मागच्या वर्षी त्यांना धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग सपाटीवर, मग नुसतं पायात चप्पल घालताना. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलेलं नाही, दमलंय. विहिरीवरची मोटर चालू आहे, पण जोर कमी पडतो, म्हणून पाणी अंगात साठतं, पायात उतरतं, छातीत भरतं. हे एवढं त्यांनी छान समजावलं. पुढचं मात्र उभ्या उभ्या. मीठ कमी. रोज सकाळी वजन. पायाला सूज येते का बघा. गोळ्या चुकवू नका. पाणी, चहा, ताक, आमटी सगळं धरून दिवसाला दीड लिटर, त्याच्यावर घोटसुद्धा नाही. "काळजी घ्या," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं वळले.

काळजी घ्या म्हणजे नक्की काय घ्या? हे तर गल्लीतली कुणीही बाई सांगते. मी स्टोअरमध्ये पोरांना "माल नीट ठेवा" एवढंच सांगितलं तर संध्याकाळी मला बोल्टांच्या खोक्यात ऑइल सील सापडतील. कुठल्या रॅकवर, कुठल्या खान्यात, कोण उचलणार, कोण बघणार हे सांगावं लागतं, तेव्हा काम होतं. लोखंडी नटबोल्टांसाठी आम्ही एवढं करतो. माणसाच्या काळजासाठी दोन शब्द, आणि तेही चालता चालता.

आप्पा ऐकणारे नव्हते असं कुणी समजू नये. रेल्वेचा माणूस, नियम म्हटला की नियम. घरी आल्या आल्या लोणच्याची बरणी उचलून शेजारी देऊन आले. पापड बंद, फरसाण बंद. मी वजनाचा काटा आणून दिला तर सकाळी तोंड धुण्याआधी त्याच्यावर उभे. गोळ्या वेळच्या वेळी. लघवीच्या गोळीनं हैराण व्हायचे, पण चुकवली नाही. पाण्यासाठी मी एक स्टीलची बाटली आणून दिली होती. सकाळी भरायची आणि दिवसभर त्यातलंच प्यायचं. तेही करायचे.

पण हे सगळं घरापुरतं. कुणी पुढं केलेला चहा, कुणी हातात दिलेलं पाणी, याला आप्पांनी जन्मात कधी नाही म्हटलेलं नव्हतं आणि आताही म्हणेनात. मी समजावलं, रागावले, हात जोडले. ते म्हणायचे, "दिल्यालं परत करायचं नसतंय." मला वाटायचं जुनी सवय आहे, जित्याची खोड. तेवढ्यावर मी सोडून दिलं.

आणि देणारे काय कमी होते? हृदय फेल झालंय एवढं कळलं की लोकांची रांग लागते. काही जण तर असे चेहरे करून आले की आप्पांनाच त्यांचं सांत्वन करावं लागलं. आणि आलेल्याला चहा नको? आप्पांच्या घरातून बिनचहाचा माणूस परत गेलेला नाही. मग पाहुणा म्हणणार, "आप्पा, तुमी न्हाई तर आमी पन न्हाई." ही आपली रीत. आजाऱ्यासमोर एकट्यानं चहा पिणं वाईट दिसतं म्हणून आजाऱ्याला पाजायचा. आप्पा बाहेर पडले तर स्टेशनाबाहेरचा चहावाला हाक मारणार, विहारात गेले तर तिथं, मुदतठेवीचं विचारायला बँकेत गेले तर तिथला शिपाईसुद्धा जुन्या ओळखीचा. सगळे म्हणणार, "अर्धाच घ्या, अर्ध्यानं काय हुतंय?" प्रत्येकाचा अर्धा. अर्ध्या अर्ध्याची बेरीज करायला कुणीच शाळेत गेलं नव्हतं की काय, देव जाणे. मी तर देव मानतही नाही.

त्यात गंमत ऐका. आप्पांचा चेहरा हळूहळू गोल दिसायला लागला. गालांवर तकाकी आली. पाय जोड्यात मावेनात. आणि येणारा जाणारा खूश. "आप्पा, तोंड भरलं की तुमचं. मानवलं औषध. आधी कसं चिपाड झालं हुतं." आमच्या भागात माणूस जाड झाला म्हणजे सुधारला. सुकला म्हणजे घरचे खायला घालत नाहीत. काट्यावरचा आकडा रोज वर चढत होता, तो आप्पा मला फोनवर अभिमानानं सांगायचे, आणि मी ओरडले की म्हणायचे, "सगळ्या गल्लीला चांगला दिसतोय मी, तुलाच काय दिसंना?" त्यांच्या नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तो भरून यायला कितीतरी वेळ लागायचा. तो खळगा गल्लीतल्या एकालाही दाखवायची मला इच्छा झाली नाही. तोंड बघून निदान करणाऱ्यांना पाय दाखवून काय उपयोग?

एका सुटीच्या दिवशी मी पोचले तर आप्पा खुर्चीत बसलेले. आडवं होता येत नाही म्हणाले. पडलं की पाणी घशापर्यंत येतंय असं वाटतं. वाक्य पुरं करायला दोनदा थांबले. शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना परत त्याच दवाखान्यात नेलं. या वेळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दर वेळी असं झालं की हृदय थोडं मागं राहतं. तिसऱ्यांदा आणलंत तर घरी पाठवता येईलच असं मी सांगू शकत नाही." हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पहिल्याच वेळी सांगितलं असतं तर जास्त झाले असते.

तिथं आप्पांना भेटायला त्यांचा बालमित्र आला. शिरूर तालुक्यात पाबळच्या बाजूला आप्पांचं गाव. तिथं दोघं एका बाकावर शिकलेले. मी त्यांना काका म्हणते. बागायतदार माणूस, फुलशेती, कांदा, मुलगा पुण्यात. मनानं वाईट नाहीत, हे आधीच सांगते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलणार नाही. काका आले ते अर्थातच शहाळी घेऊन. मी म्हटलं, "काका, नारळपाणी चालत नाही. ह्या गोळ्यांवर तर अजिबातच नाही." ते म्हणाले, "अगं, नारळाच्या पान्यानं कुनी मेलंय का? ते तर देवाचं पानी." मग बाहेर जाऊन चहा घेऊन आले. आप्पांच्या नाकाला नळी, छातीत पाणी, आणि हा माणूस त्यांच्या ओठाला कप लावतोय. मी कप हातातून काढून घेतला आणि मोरीत ओतला. आप्पा माझ्यावर चिडले, एवढ्या दमातही. "माणसाची इज्जत ठेवत जा," म्हणाले. काका निघताना म्हणाले, "नवा बंगला बांधलाय. बरा झाला की यायचं. सगळ्या वर्गाला बोलवनार हाय."

घरी सोडायच्या आदल्या दिवशी दवाखान्यातली एक मुलगी आली. आजाऱ्यांना पथ्य समजावून सांगायचं तिचं काम. तिच्याबद्दल मला एकच सांगायचंय, ती खाली बसली. स्टूल ओढून, आप्पांच्या डोळ्यांसमोर. पायाची सूज कशी बघायची, काटा किती चढला की फोन करायचा, किती उशा लागतात ते लक्षात ठेवायचं, सगळं नीट सांगितलं. मग विचारलं, "आजोबा, गडबड कुठं होते?" आप्पा म्हणाले, "चहात." ती हसली आणि म्हणाली, "मग सोपं आहे. तुमचा एक कप वेगळा काढा. घरात, बाहेर, कुणाकडंही गेलात तरी चहा फक्त त्याच कपात घ्यायचा. माप कळतं, चूक होत नाही. पिशवीतच ठेवा, जाल तिथं सोबत न्या."

आप्पांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. रागावले असते तर कळलं असतं. त्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडं बघत राहिले. मुलगी म्हणाली, "आजोबा, कळलं ना?" ते म्हणाले, "कळलं, बाई. तुमी जावा आता." ती गेल्यावर म्हणाले, "मेलो तरी चालंल. वेगळा कप न्हाई."

मी भडकले. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. एका कपासाठी मरणार का, मला पोरकी करणार का, असं बरंच काही बोलले. शेजारच्या खाटेवरचे लोक वळून बघायला लागले. आप्पांनी मला बोलू दिलं. मग हळू आवाजात, मधे मधे थांबत, जे सांगितलं ते त्यांनी मला चव्वेचाळीस वर्षांत कधी सांगितलेलं नव्हतं.

"यष्टीच्या थांब्यावर हॉटेल व्हतं. बाजाराच्या दिवशी बापाबरूबर गेल्तो. आपल्या लोकांनी आत जायचं न्हाई. बाहेरच्या भिताडात देवळी व्हती, तिथं आपला कप. कान तुटल्याला. बापानं त्यो घेतला, पुढं धरला. हॉटेलवाल्यानं वरनं वतला, लांबनं. बापाच्या हातावर सांडला. कढत चहा, पन बापानं हात हलीवला न्हाई. हलीवला असता तर व्हता तेवढाबी गेला असता. मी म्हनलं मला दे. त्यातला एक घोट दिला न्हाई त्यानं मला. लई रडलो मी. मला वाटलं, बाप हावरट हाय."

मी विचारलं, "हॉटेल कुणाचं होतं?"

"हितं शहाळी घिऊन आल्ता ना," आप्पा म्हणाले, "त्याच्या बापाचं."

मला काय वाटलं ते मी आजही धड सांगू शकत नाही. संताप आला हे खरं, पण तो कुणावर करायचा? त्या मुलीवर? तिचं वय काय, तिनं बिचारीनं मापाची गोष्ट सांगितली. तिला ठाऊक नाही हा तिचा गुन्हा नाही. पण ज्या तालुक्यात ती पथ्य सांगणार त्या तालुक्यातल्या माणसांना 'वेगळा कप' ऐकून काय होईल, हे तिला शिकवणाऱ्यांपैकी एकालाही सुचू नये? पुस्तकात हृदयाचे चार कप्पे असतात, ते सगळ्यांचे सारखेच. त्या कप्प्यांत काय साठलंय ते मात्र पुस्तकात नसतं. आप्पा प्रत्येकाचा चहा का घेत होते ते मला तेव्हा कळलं. त्यांच्यासाठी तो चहा नव्हताच. बापाला जे मिळालं नाही ते पोराला मिळतंय, याची ती रोजची पावती होती. कुणी आपल्या कपबशीतून दिला की आप्पा जिंकले. आणि त्या जिंकण्यानंच छाती भरत होती.

आता लोक म्हणतील, ते दिवस गेले. गेले ना. कागदी कप आले. सगळ्यांना वेगळा, सगळ्यांचा फेकायचा. शतकानुशतकं मोठमोठ्या माणसांनी समजावून जे झालं नाही ते कागदाच्या कारखान्यानं करून टाकलं, आणि श्रेय घ्यायला गावंच्या गावं पुढं. "आमच्याकडं असलं काय न्हाई हां आता." कप गेला तर तुम्ही बदललात, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

घरी आल्यावर मी कपाचा विषय काढला नाही. आठ दिवस रजा घेऊन राहिले. दारात उभी राहून येणाऱ्यांना परत पाठवत होते. गल्लीत माझं नाव खराब झालं. "पोरगी लई फटकळ, बापाला चहा पिऊ दीना." म्हणा. रजा संपली आणि मी परत शिरूरला आले. मी नसताना दारात कोण उभं राहणार? दुसऱ्याच्या आयुष्यावर किती दिवस पहारा ठेवणार? शेवटी ज्याचा घसा त्यालाच सांभाळावा लागतो, आणि आप्पांचा घसा तर त्यांच्या बापापासून दुसऱ्यांच्या ताब्यात होता.

जे माझ्या आरडाओरड्यानं झालं नाही ते विहारात झालं. आप्पा तिथं वंदना म्हणतात. पहिल्यापासून तेच म्हणतात, खणखणीत आवाजात, बाकीचे मागून. एका पौर्णिमेला सुरुवात केली आणि अर्ध्यात दम संपला. थांबले, श्वास घेतला, परत सुरू केलं, परत थांबले. कुणीतरी दुसऱ्यानं पुढचं म्हटलं. आप्पांना बाहेर खुर्चीत बसवलं, आणि एक जण प्रेमानं चहा घेऊन आला. हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं. आप्पांनी तो चहा हातात घेतला, बघितला आणि पायरीवर ठेवून दिला, म्हणाली.

पुढच्या सुटीला मी गेले तर ओट्यावर नवा कप. पांढरा, चिनी मातीचा, कडेला बारीक सोनेरी रेघ आणि चांगला धरायला येईल असा कान. साहेब लोकांच्या टेबलावर असतो तसला. पण लहान.

"हा कुणी दिला?" मी विचारलं.

"दिला कशाला? बाजारातनं आनला मी. दुकानदार सगळे सहा घ्या म्हनत व्हता. म्हनलं मला एकच पायजे."

"पण तुम्ही तर म्हणाला होता..."

"चष्मा माझा मी वापरतो. कवळी माझी मी वापरतो. तवा कुनाला काय वाटत न्हाई." मग कप रुमालानं पुसत म्हणाले, "वंदना पुरी म्हनायची हाय मला."

मी दोन महिने कंठशोष केला तो वाया, आणि यांनी बाजारात जाऊन एकट्यानं निकाल लावला. मला आनंद झाला आणि रागही आला. एवढं सोपं होतं तर माझं डोकं का खाल्लं? पण सोपं नव्हतं, हेही मला कळत होतं. आप्पा कप रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवायचे. स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यापुढं पहिल्यांदा काढला तेव्हा आधी आजूबाजूला कोण आहे ते बघितलं, असं त्यांनीच सांगितलं. तो चहावाला उत्तरेकडचा पोरगा. "बढ़िया कप है, चाचा," म्हणाला आणि ओतला. दिवसाचे तीन कप ठरवले होते. तिसरा झाला की कप उपडा. मग कुणीही येवो. काट्यावरचा आकडा उतरला, जोडे पायात जायला लागले, आणि गल्ली हळहळायला लागली की आप्पा सुकले.

मग काकांच्या नव्या बंगल्याचं बोलावणं आलं. मी म्हटलं, नको जायला. आप्पा म्हणाले, "जायचं." मी गाडी ठरवली आणि सोबत गेले.

बंगला म्हणजे बंगलाच. हॉलमध्ये सोफे, झुंबर, शाळेतले दहाबारा म्हातारे टोप्या सावरत बसलेले. काकांनी दारात येऊन आप्पांना मिठी मारली, आपल्या शेजारी बसवलं. जेवणाला वेळ होता, म्हणून ट्रेमधून चहा आला. नव्या कोऱ्या कपबश्या, फुलाफुलांच्या. काकांनी स्वतः उठून पहिला कप आप्पांच्या हातात द्यायला घेतला. सगळ्यांना दिसेल असा, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

आप्पा म्हणाले, "थांब." पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून कप काढला आणि पुढं धरला.

सगळ्यांच्या नजरा त्या कपावर आल्या. ते सगळे त्याच गावचे, त्याच वयाचे. त्यातल्या एकालाही समजावून सांगायची गरज नव्हती.

काकांचं तोंड उतरलं. वाकून हळूच म्हणाले, "ठेव तो आत. काय करतोस हे? सगळ्यांसमोर माझी अब्रू काढायला आलास का?"

"दवाखान्यानं सांगितलंय. माप हाय माझं."

"अरे, मग अर्धा घे. न्हाईतर घोटभर घे, ठिवून दे. पन माझ्या कपात घे."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, त्यांना पाणी चढतं छातीत. परत ॲडमिट झाले तर घरी येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय." काका माझ्याकडं न बघताच म्हणाले, "ते खरं गं, पन लोक काय म्हनतील?" बघा म्हणजे. मित्र जगतोय का मरतोय हा प्रश्न नव्हताच. त्यांना आपल्या नव्या कपातून आप्पांना चहा पाजून, आपल्या बापाचा हिशेब सगळ्यांदेखत मिटवून टाकायचा होता, आणि तोही आप्पांच्या छातीवर. तेव्हा यांच्या घरानं आपल्या कपातून पाजलं नाही, आता पाजल्याशिवाय सोडत नाहीत. दोन्ही वेळा ठरवणार हेच. मी आणखी बोलणार होते, पण आप्पांनी हात वर केला.

"तवा कप तुझ्या बापानं ठरिवला," आप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "ह्यो मी ठरिवलाय. वत यात."

काकांनी एकदा सगळ्यांकडं बघितलं. मग आपल्या कपातला चहा आप्पांच्या कपात ओतायला लागले. काठापासून बराच खाली असताना आप्पा म्हणाले, "बास." काकांच्या तोंडून सवयीनं "घे की" निघालं आणि कप आणखी कलला. "बास म्हनलं," आप्पा म्हणाले. काका थांबले.

आप्पांनी चहा प्यायला. घाई केली नाही. बाकीच्यांनी आपापले कप उचलले, कुणीतरी कांद्याच्या भावाचं काढलं, बोलणं सुरू झालं. मला वाटलं, संपलं एकदाचं. तेवढ्यात आप्पांनी रिकामा कप काकांपुढं धरला.

"धुऊन दे."

"ठेव तिथं, सूनबाई नेतील," काका म्हणाले.

"सूनबाईनं माझं काय केलंय? माझ्या बापानं तुमच्या दारात कप पिऊन धुतला आन् देवळीत ठिवला. दर बाजारी. तू धू."

काकांनी दोन्ही हातांनी कप घेतला, उठले आणि आत गेले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मग त्यांचा आवाज आला, बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

"सूनबाई, कप कुठं धुत्यात गं आपल्यात?"